९ लाख शिल्लक: गृहकर्जात भरावेत की घराच्या दुरुस्तीसाठी हाताशी ठेवावेत?

तिसरा_मजला (कर्वेनगर)

नमस्कार मंडळी. घरात यावरून रोज वाद चाललाय, म्हणून सगळे आकडे इथे मांडते.

१९९८ सालची इमारत, पार्किंग अधिक चार मजले. आमचा टूबीएचके तिसऱ्या मजल्यावर, २०१७ मध्ये रीसेलमध्ये घेतलेला. कर्ज बाकी २८ लाख, दर ८.९० टक्के, अजून १२ वर्षं, हप्ता ३१,७००. घरखर्च हप्ता सोडून महिना साधारण ४५ हजार. दोघंही नोकरीत, दोघंही नव्या करप्रणालीत, २० टक्क्यांचा स्लॅब. शिल्लक ९ लाख: ६ लाखांची एकच एफडी राष्ट्रीयीकृत बँकेत आणि ३ लाख पतसंस्थेत.

आता दुखणी. कॉमन बाथरूमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आलीय आणि पोपडे पडतायत. पश्चिमेकडच्या बेडरूमची भिंत पावसाळ्यात खिडकीखाली भिजते. पाण्याच्या लाइनी मूळच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी), भिंतीत गाडलेल्या. सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं. दोन्ही बाथरूम, सगळं प्लंबिंग आणि ती भिंत मिळून ३ लाख ४० हजारांचं कोटेशन आलंय. शिवाय सोसायटी बाहेरच्या कलरसाठी प्रत्येकी १ लाख २० हजार मागतेय.

नवऱ्याचं म्हणणं: ६ लाख कर्जात भरून टाकू, दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या बोनसमधून. मला ते पटत नाही, पण आकड्यांत उत्तर देता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

---

आकडेमोड

आधी एक प्रश्न. २०१७ चं कर्ज म्हणजे ते एमसीएलआरला, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दराला, जोडलेलं असणार. मध्ये कधी रेपोवर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो दर) आणलंत का? ८.९० बघून तरी वाटत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाह्य बेंचमार्कला, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेली आहेत. रेपो २०२५ च्या सुरुवातीला ६.५० होता, डिसेंबरात ५.२५ वर आला. म्हणजे सव्वा टक्का उतरला. रेपोवाल्यांना ती घट तीन महिन्यांच्या आत मिळते. एमसीएलआरवाल्यांना उशिरा आणि अर्धवट.

तेव्हा शाखेत जा आणि रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून घ्यायचा अर्ज द्या. शुल्क बँकेनुसार कमीजास्त असतं, ते जीएसटी धरून लेखी मागा. दर एक टक्का उतरून ७.९० झाला असं धरलं आणि हप्ता ३१,७०० च ठेवला, तर १४४ हप्त्यांचे १३३ होतात आणि सुमारे साडेतीन लाख वाचतात. एक रुपयाही जास्तीचा न भरता! इथे एक फसगत होते: दर उतरला की काही बँका हप्ता कमी करून देतात आणि मुदत तशीच ठेवतात. अर्जातच लिहा, ‘हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी.’ तुमच्याच बँकेत काम होत असेल तर दुसऱ्या बँकेकडे कर्ज नेण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे प्रोसेसिंग फी, व्हॅल्युएशन, वकिलाचा रिपोर्ट आणि गहाणखताची मुद्रांक ड्यूटी नव्याने लागते.

आता मूळ वाद. ७.९० टक्के धरून:

६ लाख भरले तर साधारण ४० हप्ते कमी, व्याज सुमारे ६ लाख ६० हजार वाचतं.
३ लाख भरले तर २१ हप्ते कमी, व्याज सुमारे ३ लाख ७० हजार वाचतं.

हे आकडे मोठे दिसतात कारण ते अकरा वर्षांचे आहेत. तुमचा प्रश्न अकरा वर्षांचा नाहीच, एका वर्षाचा आहे. ३ लाख आज न भरता वर्षभर थांबलात तर कर्जावर २३,७०० रुपये व्याज चढेल. तेच पैसे सव्वासहा टक्क्यांच्या एफडीत असतील तर १८,७५० येतील, २० टक्के कर आणि सेस जाऊन १४,८५० हातात. फरक नऊ हजारांच्या आत. ३ लाख वर्षभर हाताशी ठेवण्याचं भाडं इतकंच.

उलट बाजू बघा. पैसे कर्जात भरले आणि आठ महिन्यांनी दुरुस्ती अंगावर आली, तर ३ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी म्हणजे १०,२५० चा वेगळा हप्ता आणि ६९ हजार व्याज. टॉप-अप लोन (चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज) त्यापेक्षा स्वस्त पडतं खरं, पण पगारपत्रकं, व्हॅल्युएशन, मंजुरी हे सगळं पुन्हा. खालच्या काकूंचं छत तोवर थांबत नाही.

बोनसवर दुरुस्ती ढकलण्यापेक्षा प्रीपेमेंटच बोनसवर ढकला. प्रीपेमेंट वर्षभर उशिरा झालं तर नऊ हजार जातात. दुरुस्ती वर्षभर उशिरा झाली तर किती जातात, ते बांधकामवाल्यांनी सांगावं.

---

ओल_आणि_गिलावा

सांगतो. पण कोटेशन बाजूला ठेवा, कारण गळती कुठून आहे हे त्यात कुठेच दिसत नाही. दोन्ही बाथरूम, सगळं प्लंबिंग आणि भिंत असं मोघम लिहिलं असेल तर काँट्रॅक्टरने निदान केलेलंच नाही, सगळंच फोडायचं ठरवलंय.

निदानाला खर्च जवळजवळ नाही, तीन-चार दिवस लागतात. काकूंच्या छतावर ओलीची कड पेन्सिलीने आखून घ्या, तारीख टाका. मग एकेक बंद करायचं.

पहिलं, कॉमन बाथरूम दोन दिवस पूर्ण बंद, पण पाण्याचा व्हॉल्व्ह चालू. ओल तशीच टपकत राहिली तर पुरवठ्याची लाइन फुटलीय. त्या लाइनीत चोवीस तास प्रेशर असतं, त्यामुळे ओल कधीच सुकत नाही. कड सुकायला लागली तर दोष वापराच्या पाण्याचा: नहाणी ट्रॅप, कमोडचा सांधा किंवा फरशी.

दुसरं, नहाणीच्या तोंडाला ओल्या फडक्याचा बोळा आणि वर प्लास्टिक घट्ट बसवा, जमिनीवर इंचभर पाणी भरा, त्यात थोडा रंग टाका, चोवीस तास ठेवा. खाली ओल वाढली तर फरशी गेलेली आहे. काहीच झालं नाही तर बोळा काढून बादलीभर रंगीत पाणी थेट ट्रॅपमध्ये ओता. आता ओल आली तर ट्रॅप किंवा त्याचा खालचा सांधा. टाइलच्या काळ्या पडलेल्या फटींतून पाणी जातं म्हणून नुसता एपॉक्सी ग्राउट भरून देणारे बरेच असतात. दोष ट्रॅपला असेल तर तो खर्च वाया.

समजा फरशी किंवा ट्रॅप निघाला. त्या काळच्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब नऊ ते बारा इंच खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. ती भरणी एकदा पाण्याने भिजली की बराच काळ पाणी धरून ठेवते. म्हणून ‘टाइलवर टाइल लावून देतो, फोडाफोडी नाही’ हा प्रस्ताव तुमच्या केसमध्ये नको. वरून येणारं पाणी थांबेल, पण आतलं काकूंकडे झिरपत राहील आणि तुम्हाला वाटेल काम फसलं.

काम असं व्हायला हवं. स्लॅबपर्यंत भरणी काढून पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ. पाइप जिथे स्लॅबमधून जातात ती भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने भरायची. साध्या सिमेंटने भरली की सुकताना आकसतात आणि गळती पहिल्यांदा तिथूनच सुरू होते. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्याला पॉलिमर मोर्टारचा वाटा (गोलाई) मारायचा. मग पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. सात बाय चारच्या बाथरूमला जमीन २८ चौरस फूट, चारही बाजूंनी भिंतीवर एक फूट म्हणजे २२, आणि शॉवरच्या कोपऱ्यात सहा फुटांपर्यंत आणखी ३५: एकूण ८५ चौरस फूट, दोन हात. डब्यावरच्या कव्हरेजशी हे ताडून बघा. माल कमी आलेला लगेच कळतो. नंतर ४८ तास पाणी भरून चाचणी. ती खाली डोकावून बघितल्याशिवाय भरणी टाकू द्यायची नाही. भरणीनंतर टाइलखाली पुन्हा एक कोटिंग. उतार नहाणीकडे, सात फुटांना किमान इंचभर.

चाचणीचे ४८ तास आणि कोटिंग सुकायचा वेळ धरून एका बाथरूमला दहा-बारा दिवस लागतात. ‘पाच दिवसांत देतो’ म्हणणारा चाचणी गाळतोय. राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार हेही कोटेशनमध्ये हवं. शेवटी तो पार्किंगमध्ये पडून राहतो आणि सोसायटीचं पत्र तुम्हाला येतं.

आता जीआय लाइन. सकाळचं तांबूस पाणी म्हणजे आतून गंज. सरळ पाइप अजून काही वर्षं काढेल, पण एल्बोजवळ आटे पाडलेले असतात, तिथे पत्रा पातळ असतो आणि तो आधी फुटतो. भिंती फोडून जुनी लाइन काढायची गरज नाही. डक्टमधून नवी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) आणा, आत माळ्याखालून फिरवा, जुनी लाइन दोन्ही टोकांना बंद करून भिंतीतच सोडा. गिझरच्या गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीच, साधी यूपीव्हीसी नाही. एसडीआर ११ (पाइपच्या जाडीचा वर्ग) जाड असते, ती घ्या. नळाच्या जागी पितळी आट्यांचं फिटिंग, नाहीतर दोन वर्षांत प्लंबर नळ आवळताना प्लास्टिकचा आटा तुटतो. सॉल्व्हंट सुकायला एक दिवस देऊन हँडपंपाने प्रेशर टेस्ट. चार मजल्यांच्या टाकीचं प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या आतच असतं, टेस्ट ५-६ किलोवर घ्या आणि काटा रात्रभर हललेला नाही ना, ते सकाळी बघा. मगच टाइल.

थांबल्याने काय होतं, ते आकडेमोड यांनी विचारलंय. स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम १५ ते २० मिलिमीटर. पाणी तिथवर पोचलं की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे ढलपे उडवते. आज काकूंकडे पोपडे आहेत, म्हणजे रंग आणि गिलावा. ढलपे पडायला लागले की काम बदलतं: सैल काँक्रीट फोडणं, सळई घासून गंजरोधक लावणं, बाँडिंग कोट, पॉलिमर मोर्टार, आणि सळई फार झिजली असेल तर शेजारी नवी. ते सगळं त्यांच्या घरात, तुमच्या खर्चाने. आणि बाथरूमची गळती पावसाळ्याची वाट बघत नाही, रोजच्या आंघोळीला थोडी थोडी वाढते.

खिडकीखालची भिंत मात्र या खर्चातून सध्या वगळा. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघायची दोन-तीन भोकं असतात. त्यात धूळ आणि कबुतरांची घाण साठते, ट्रॅक भरतो आणि पाणी आत ओसंडतं. तारेने साफ करा, तांब्याभर पाणी ओतून बाहेर निघतंय का बघा. फ्रेम आणि भिंतीमधली फट बाहेरून वेदर सीलंटने भरा. पुण्यात पावसाचा मारा पश्चिमेकडूनच, त्यामुळे एवढ्याने बरंच भागतं. आतून ‘डॅम्प प्रूफ’ पेंट मारू नका. पाणी भिंतीतच राहतं आणि तो कोट पुढच्या पावसाळ्यात पापडासारखा सुटून येतो.

---

सचिव_सहकारनगर

खिडकीची फट भरूनही भिंत भिजत राहिली तर तो खर्च तुमचा नाही. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) बाहेरच्या भिंती, गच्ची, सामायिक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातलं बाथरूम-संडास आणि सिंक सदस्याने. अपवाद: तुम्ही खिडकी पुढे काढली असेल किंवा बाल्कनी बंद केली असेल तर कमिटी बोट दाखवणारच. अर्ज पावसाळ्यात फोटोसह द्या आणि पोच घ्या. जानेवारीत कोरडी भिंत दाखवून काही सिद्ध होत नाही.

१ लाख २० हजार देण्याआधी कमिटीला दोन गोष्टी लेखी विचारा. स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० नंतर दर तीन वर्षांनी करायचं असतं. तुमची तिशी जवळ आलीय. ऑडिट न करता कलर काढला तर भेगांवर रंग बसतो. दुसरं, निधी किती जमा आहे? सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीची साठवण) बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के असं उपविधींत आहे. अनेक जुन्या सोसायट्यांनी दुरुस्ती निधी कधी गोळाच केलेला नसतो आणि मग असे एकरकमी आकडे येतात. सर्वसाधारण सभेत ठराव होऊन ही रक्कम हप्त्यांत घेता येते. मागणी करा.

आणि रिडेव्हलपमेंटचा विषय निघालाय का? कर्वेनगर-कोथरूडला या वयाच्या इमारतींत तो निघतोच. निघाला असेल तर गळती थांबवा, पाइप बदला, पण इटालियन टाइल आणि काचेचं पार्टिशन यांवर एक रुपया घालू नका. कर्ज चालू असलेल्या सदस्याला तेव्हा बँकेची एनओसी लागते हेही ध्यानात असू द्या. त्यासाठी आजच कर्ज संपवायला धावायचं कारण नाही.

---

तिसरा_मजला

खूप आभार. तीन गोष्टी कळल्या. कर्ज एमसीएलआरलाच आहे, बदलाचा अर्ज मागितलाय. कॉमन बाथरूम दोन दिवस बंद ठेवल्यावर काकूंकडची कड आत सरकली. रंगीत पाण्याने फरशी पास, ट्रॅप नापास. दुसऱ्या बाथरूमला काहीच नाही. त्यामुळे एक बाथरूम पूर्ण आणि नवी सीपीव्हीसी लाइन असं सुधारित कोटेशन मागवलं, १ लाख ९० हजार आलं. सोसायटी १ लाख २० हजार तीन हप्त्यांत घ्यायला तयार आहे. रिडेव्हलपमेंटची नुसती कुजबुज आहे.

मग आता कर्जात किती भरू?

---

आकडेमोड

९ लाखांतून १.९० आणि १.२० गेले, ५.९० उरले. दुरुस्तीत जास्तीचं निघतंच, त्याला १५ टक्के, म्हणजे ३० हजार धरा. आणीबाणीला सहा महिन्यांचा खर्च, हप्त्यासह ७६,७०० गुणिले सहा, ४ लाख ६० हजार. उरतो एक लाख. तो भरा, पण ४८ तासांची चाचणी पास झाल्यावर.

---

हप्ता_कमी

सहा महिने मला जास्त वाटतात. दोघंही नोकरीत आहेत, दोघांच्या नोकऱ्या एकाच दिवशी जात नाहीत. एक पगार चालू असताना चार महिने पुरतात, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. मग अडीच लाख भरता येतात. दोघं एकाच कंपनीत किंवा एकाच क्षेत्रात असतील तर माझं म्हणणं मागे घेतो.

भरताना: फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला प्रीपेमेंटचा दंड नाही. नेट बँकिंगने नुसते पैसे कर्जखात्यात टाकले की काही ठिकाणी ते आगाऊ हप्ता म्हणून पडून राहतात. ‘पार्ट प्रीपेमेंट’ असं निवडा किंवा शाखेत लिहून द्या, आणि मुद्दल खरंच कमी झालंय का हे स्टेटमेंटमध्ये बघा. नवं हप्ता-वेळापत्रक मागून घ्या.

नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही, त्यामुळे प्रीपेमेंट केलं तर कराचा फायदा जातो ही भीती तुम्हाला लागूच नाही. जुन्या प्रणालीतल्या वाचकांनी २ लाखांची मर्यादा आधी तपासावी.

---

आकडेमोड

चार महिने ठीक आहेत, पण बोनस हातात आल्यावर. आत्ता फोडाफोडी चालू असताना नाही.

आणि कुठले पैसे आधी वापरायचे हे कुणीच बोललं नाही. पतसंस्थेतले ३ लाख. पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेची ठेव विमा संस्था) विमा संरक्षण नसतं, बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत असतं. तिथला जास्तीचा पाऊण-एक टक्का आणीबाणीच्या पैशासाठी नको. दुरुस्ती आणि सोसायटीचा पहिला हप्ता त्यातूनच द्या. बँकेतली ६ लाखांची एकच एफडी मुदत संपली की लाख-लाखाच्या सहा करा. मुदतीआधी मोडल्याचा दंड मग फक्त त्या एका लाखावर पडतो.

---

ओल_आणि_गिलावा

काँट्रॅक्टरला पैसे देताना: सुरुवातीला ३० टक्के, भरणी काढून कोटिंग झाल्यावर ३०, चाचणी पास झाल्यावर ३०, आणि शेवटचे १० काकूंचं छत सुकून त्यांच्याकडचा रंग झाल्यावर. छत सुकायला महिना-दीड महिना लागतो, लगेच रंगवलं तर पुन्हा पोपडे. ट्रॅपचा खालचा सांधा काकूंच्या बाजूने उघडा दिसतो, तेव्हा काम सुरू व्हायच्या दिवशी त्या घरी आहेत ना, हे आधी विचारून ठेवा.